साडूंची खिडकी

पाऊस वाटायचं काम देवानं आमच्या साडूंकडे दिलं असतं, तर अकोले तालुक्यात धो धो आणि जामखेडात चार थेंब, असला पक्षपात नगर जिल्ह्यानं कधी पाहिला नसता. लग्नाच्या पंगतीत जिलबी एकाच टोकाकडून सुटली, की हे पानावरून उठत आणि वाढप्याला दुसऱ्या टोकाला नेऊन उभं करीत. आमची बायको म्हणायची, "दाजींना जेवायला बोलवायचं, का वाढायला?"

पण त्यांची खरी सत्ता श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात, सुटं सामान देणाऱ्या स्टोअरच्या खिडकीत. एकोणीसशे सत्तरनंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. स्टोअर एक आणि मागणारी खाती अनेक. ऊस पिळणाऱ्या मिलचे इंजिनिअर लांबलचक मागणी घेऊन आले, की बाकीच्यांनी दुपारपर्यंत जांभया द्यायच्या. साडूंनी नियम काढला: एका खेपेला एकच जिन्नस, मग रांगेच्या शेवटी. त्यामुळे इंजिनिअर सोडून प्रत्येकाला स्टोअर आपल्या एकट्याचंच वाटू लागलं.

इंजिनिअर भडकले. "मिल म्हणजे कारखान्याचं काळीज! ती रांगेत उभी राहणार?"

"काळीज हायेच की सायेब," साडू म्हणाले, "पन पोटालाबी काई लागतं का न्हाई?"

तक्रार चेअरमनपर्यंत गेली. साडूंना खिडकीवरून काढा आणि मिलला वेगळं स्टोअर द्या! गाळपाच्या पहिल्या दिवशी मी स्वतः खिडकीपाशी उभं राहून बघतो, मग ठरवू, असं चेअरमन म्हणाले. त्या धास्तीनं साडूंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, नियम मात्र त्यांनी तसूभर हलवला नाही.

त्या सकाळी मीही साडूंबरोबर गेलो होतो. रांगेत इंजिनिअर पहिले. एक बेअरिंग देऊन साडूंनी त्यांना मागे धाडलं. पाठोपाठ बॉयलरचा फायरमन आला. "मला फकस्त पॅकिंग द्या. पान्याचा पंप लई गळतोय, बॉयलर वाफच धरंना." पॅकिंग घेऊन तो पळाला. इंजिनिअरांचं उरलेलं सामान तर पुढेमागे लागेल म्हणून मागितलेलं. ते तिसऱ्यांदा रांगेत उभे असतानाच भोंगा वाजला, वाफ तयार! फायरमन त्यांच्यामागे ताटकळला असता, तर वाफेवाचून मिलचं चाक हललं नसतं. चेअरमन पोट धरून हसले आणि ऊस मिलकडे नेणाऱ्या गव्हाणीत पहिली मोळी टाकायला त्यांनी साडूंनाच पुढे बोलावलं. साडूंनी मोळीचा बंध सोडला, एकेक ऊस टाकायला प्रत्येक खात्याच्या माणसाच्या हाती दिला, पहिला इंजिनिअरांच्या. टाळ्यांचा असा कडकडाट मी पुन्हा ऐकला नाही. अभिमानानं माझाच ऊर भरून आला.

पुढे कारखाना वाढला, खात्याखात्याची स्टोअर झाली. साडू निवृत्त झाल्यावर एकदा त्यांना घेऊन तिकडून गेलो. खिडकी विटांनी बुजवलेली होती.

"आता समद्यांना समदं लगीच मिळतं म्हनं," ते म्हणाले. "बरं झालं." आणि बराच वेळ तिथून हलेनात.