कडुनिंबाखालचा खिळा

आमच्याकडं कोंबडी अंड्यांवर बसवली की टोपल्यात लोखंडी खिळा ठेवतात, म्हणजे आभाळ गडगडलं तरी अंडी खराब होत नाहीत. यंदा उन्हाळ्यात खिळा असूनही सगळी अंडी गेली. कानाशी हलवली तर आत पाणी वाजायचं. पण खुडूक कोंबडी काही उठेना.

"तिले रिकामी नोको उठवू," सासूबाई म्हणाल्या. "पिल्लं आणजो."

मी सेलूच्या बाजारातून पिल्लं आणली. दिवेलागणीला सासूबाईंनी तिच्या पोटाखालून एकेक अंडं काढलं आणि त्याच उबेत एकेक पिल्लू सरकवलं. तिनं त्यांच्या हाताला चोच मारली, पिल्लांना मात्र नाही. मग टोपल्यावर दुसरं टोपलं झाकून सासूबाईंनी ती अंडी घरामागं कडुनिंबाखाली पुरली.

सकाळी कोंबडी पिल्लांना घेऊन बाहेर आली. फसली एकदाची, असं मला वाटलं. पण टाकलेल्या दाण्यांकडं न बघता ती सरळ कडुनिंबाखाली गेली आणि पंख पसरून त्याच मातीवर बसली. पिल्लं भोवती चिवचिवत राहिली. मी हुसकलं, ती परत आली. मग रोज तेच. मला तिचा रागच यायला लागला.

परवा दुपारी आभाळ भरून आलं. सासूबाईंनी रिकाम्या टोपल्यातला खिळा काढला आणि तिच्याजवळ मातीत रोवला.

"आता काऊन, आई?"

"थे बसून राह्यली ना अजून," त्या म्हणाल्या.