‘बंद आहे’ म्हणणारे साहेब

आधी उजवा तळहात वर करायचा आणि मग म्हणायचं, "परत सांगा."

साहेब माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, ह्यांना कमी ऐकू येतं. सौंसरच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांनी कागद पुढे केला. "दोन्ही बाजूंनी काढून देते," मी म्हटलं. तळहात वर. "परत सांगा." मी परत सांगितलं. "आता मी काय म्हणलो ते सांगा." मला राग आला. "तुम्ही अजून काही म्हणालाच नाही," मी म्हटलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "बरोबर."

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, आणि तुम्हीही त्याला आधी विक्षिप्त ठरवून मोकळे झाला असाल. मीही झाले होते. मग कळलं, हे विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर आहेत. लाइनमन खांबावर चढण्याआधी ह्यांना फोन करतो, अमुक लाइन बंद करा. हे बंद करतात, वहीत लिहितात आणि सांगतात, "बंद आहे." लाइनमननं ते परत म्हणायचं, मगच वर चढायचं. एका माणसाचा जीव दुसऱ्याच्या दोन शब्दांवर असतो. पंचवीस वर्षं हे केलेला माणूस झेरॉक्सच्या दुकानात वेगळा कसा वागेल?

ते बहुतेक नकाशे घेऊन यायचे. हातानं काढलेले, भुयारं, बुरूज, पायऱ्या.

"हा किल्ला कुठला?" मी एकदा विचारलं.

"सातपुड्यातला."

"सातपुड्यात कुठं?"

"ते अजून ठरलं नाही."

अशा तऱ्हेनं मी त्यांच्या खेळात शिरले. नागपूरला पॉलिटेक्निकच्या होस्टेलमध्ये ते हा खेळ शिकले होते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर काय आहे ते सांगणाऱ्यानं सांगायचं, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमेल की नाही असा प्रश्न आला की फासे टाकायचे. हरणं-जिंकणं काही नाही. आम्ही त्याला ‘गोष्टीचा खेळ’ म्हणायचो. दर रविवारी दुपारी माझ्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बसायचो. साहेब सांगणारे, मी आणि बोरगावचा विनोद खेळणारे. आणखी एकदोघं यायचे-जायचे, पण टिकलो आम्ही दोघं.

विनोद साहेबांच्या हाताखालचा लाइनमन. अंगानं किरकोळ, आवाज मात्र पोळ्याच्या मिरवणुकीत चालेल असा. गोष्टीत कुठलंही दार आलं की हा पहिला. मी मागे राहून दिवा धरणार. दाराशी पोचला की तो विचारायचा, "साहेब, मोकळं आहे का?" साहेब वहीत पाहायचे, तळहात वर करायचे. "परत सांग." तो परत विचारायचा. मग ते म्हणायचे, "जा. मोकळं आहे." त्यांनी असं म्हटलं आणि आत काही निघालं, असं कधी झालं नाही. संकटं यायची, पण ती सांगून यायची. त्यांच्या तोंडून खोटं निघत नव्हतं, गोष्टीतसुद्धा.

मग ती दुपार आली. लाइट गेलेली होती, मी पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते. बोरगावकडून आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं, खांबावर माणूस चिकटला. कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. पण बोरगावच्या खांबावर कोण चढतं ते मला ठाऊक होतं.

साहेबांनी लाइन बंद केलेली होती. पण पुढे कुणाच्या तरी शेतात मोटारीसाठी जनरेटर लावला होता आणि त्याचा करंट उलटा तारेत चढला. चौकशीत हे सगळं बाहेर आलं. साहेबांवर कुणी बोट ठेवलं नाही. विनोद वाचला. त्याचा उजवा हात खांद्याच्या थोडा खालून काढावा लागला.

भीती माणसाला कशी खाते ते त्यानंतर मी जवळून पाहिलं. साहेबांनी सबस्टेशन सोडून ऑफिसात टेबलाचं काम मागून घेतलं. घरात ते बटण दाबत नाहीत, पंखासुद्धा मीच लावून देते, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. दुकानात आले की आधी माझ्या मशीनच्या प्लगकडे पाहायचे. "अर्थिंग आहे ना?" आहे म्हटलं तरी पुढच्या खेपेला पुन्हा तेच. रस्ता ओलांडताना कुणी "या, गाडी नाही" म्हटलं तर तिथंच उभे राहायचे. आणि स्वतः कुणाला "या" म्हणत नसत. जिना चढणाऱ्यालाही नाही.

लोकांनी सल्ले दिले, जामसांवलीच्या मारुतीला नेऊन आणा, तिथं भूतबाधा उतरते. बायको घेऊन गेली. परतताना प्रसादाचा नारळ द्यायला ते माझ्याकडे थांबले. "बरं वाटलं का?" मी विचारलं.

"मले भूत नाही लागलं, बाई. माझंच बोलणं लागलं मले."

मी नारळ घेतला. खरं सांगते, तेव्हापासून मलाही त्यांची भीती वाटायला लागली. त्यांच्या डोळ्यांत पाहिलं की वाटायचं, आत्ता ह्यांना काहीतरी होणार.

तीन वर्षं खेळ बंद होता. मग एक दिवस विनोदची बायको कागदांच्या झेरॉक्स काढायला आली. मी विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, "बोलतच नाही जी. भिताडाकडे तोंड करून बसून राहते. परवा एकच गोष्ट बोलला. म्हणे, रविवारचा खेळ बंद झाला काय?"

मी ते साहेबांना सांगितलं. त्यांचा तळहात अर्धा वर आला आणि तसाच खाली गेला. "मले नाही जमणार," म्हणाले आणि छत्री विसरून निघून गेले.

छत्री न्यायला आठ दिवसांनी आले ते खिशात यादी घेऊन. आता सुरू करायचंच तर नीट साधनं घेऊन, असं त्यांनी ठरवलं होतं. साधनं चांगली असली की आपल्या हातून चूक होणार नाही, ह्या आशेवर ते महिनाभर जगले. त्यांच्या भोपाळच्या मुलीनं मोबाइलवर फासे टाकणारं अ‍ॅप पाठवलं होतं. ते दोन दिवसांत बाद झालं. "हा फासा कोण टाकून राहिला? दिसतच नाही." वाळूचं घड्याळ आणलं. त्यानं घाई होते म्हणून तेही बाद. सांगणारा आपली वही दिसू नये म्हणून पुढे पुठ्ठ्याची आड उभी करतो. संत्र्याच्या खोक्याची चांगली आड मी करून दिली होती, ती त्यांनी परत केली. "आड नको. माझ्या वहीत काय आहे ते विनोदले दिसलं पायजे."

काय राहिलं? एक काठाचं ताट, आत जाड कापड चिकटवलेलं, म्हणजे एका हातानं फासे टाकले तरी बाहेर उडणार नाहीत. खाच पाडलेली एक लाकडी पट्टी, कार्डं हातात न धरता तिच्यात उभे राहावेत म्हणून. ती खाच त्यांनी सुताराकडून तीनदा करवून घेतली. प्रत्येक जागेचं आणि माणसाचं एकेक कार्ड, मी लॅमिनेट केलेलं, म्हणजे काही विसरायला नको.

आणि लाल कार्ड. ते मुलीनं सुचवलं. आजकाल असे खेळ खेळताना असं कार्ड मधे ठेवतात म्हणे. गोष्ट कुणाला सहन होईनाशी झाली की त्यानं कार्डावर हात ठेवायचा. गोष्ट तिथंच थांबते, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. साहेबांना हे फार पटलं. "आमच्या कामात असं पायजे होतं," ते म्हणाले. दोन कार्डं करायला सांगितली, एक मला, एक विनोदला.

"तुम्हाला?"

"सांगणाऱ्याले कशाले लागते?"

रविवारी विनोदला त्याच्या बायकोनं स्कूटीवर आणून सोडलं. मी घाबरून शटर जास्तच खाली ओढलं. तो सुकून गेला होता. शर्टाची उजवी बाही लोंबत होती. साहेब उभे राहिले, बसले, पाणी प्याले. कुणी कुणाला कसा आहेस म्हटलं नाही. साहेबांनी कार्ड उचललं आणि वाचायला सुरुवात केली, आवाज इतका बारीक की रस्त्यावरच्या ऑटोत बुडून जावा.

पण जमलं. तासभर जमलं. विनोदनं डाव्या हातानं फासे टाकले, ते ताटात राहिले. एकदा तर तो हसला. मी मनातल्या मनात हात जोडले. मग किल्ल्याचं भुयार आलं, भुयाराच्या टोकाला दार आलं आणि विनोद जुन्या सवयीनं पुढे झाला.

"साहेब, मोकळं आहे का?"

साहेबांनी तोंड उघडलं. वहीत लिहिलेलं होतं, मला उलटं दिसत होतं: दार मोकळं. वाचायचे फक्त दोन शब्द होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात गेला. ओठ पांढरे पडले. त्यांनी हात लांब करून माझ्यापुढचं लाल कार्ड दाबून धरलं, टेबल हलायला लागलं इतक्या जोरानं.

नियमाप्रमाणे आम्ही थांबलो. नियमाप्रमाणे कुणी विचारलं नाही. मला वाटलं, हार्टच आहे. डॉक्टरांचा नंबर शोधायला मी मोबाइल उचलला.

विनोद ताटातल्या फाशांकडे पाहत बोलला. "साहेब, त्या दिवशी रॉड माझ्या झोळीतच होता."

तुम्हाला सांगायला हवं. लाइन बंद असली तरी तारेला हात लावण्याआधी लाइनमननं अर्थिंगचा रॉड अडकवायचा असतो. कुठून चुकून करंट आलाच तर तो जमिनीत जातो, माणसात नाही.

"चौकशीत म्या सांगितलं, रॉड निसटला. निसटला नाही. म्या लावलाच नाही."

"काहून?" साहेबांचा आवाज कुठून आला कळलं नाही.

"तुम्ही बंद आहे म्हणलं ना. दुसरा कोणी असता तर लावला असता. तुमचं म्हणणं पक्कं. म्या म्हणलं, कशाले टाइम घालवा."

साहेबांचा तळहात वर आला. "परत सांग."

विनोदनं सगळं परत सांगितलं, ह्या वेळी मोठ्यानं, एकेक शब्द. तीन वर्षं हा माणूस भिंतीकडे तोंड करून का बसला होता ते मला तेव्हा समजलं. आणि साहेब तीन वर्षं स्वतःच्या हातावर संशय घेत होते. ज्यानं ती लाइन बंद करायची मूठ ओढली तो हात, पूर्ण ओढली की अर्धी.

"मी बंद केलीच होती ना?"

"बंदच होती, साहेब."

मला वाटलं, आता त्यांचा जीव हलका होईल. झालं उलटंच. ते उभे राहिले आणि ओरडले, "मग माझ्यावर इतका भरोसा काहून ठेवला बे!" त्यांच्या तोंडून ‘बे’ मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मग ते खाली बसले आणि तोंड झाकून रडले. विनोद रडला नाही. तो त्यांचं रडणं थांबेपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, "साहेब, मी दाराले हात नाही लावत. अगोदर काठीनं ढकलून पाहतो."

साहेबांनी चष्मा पुसला, ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि ते म्हणाले, "फासे टाक."

त्यानंतर वर्षभर आम्ही खेळलो. साहेबांची भीती गेली असं मी म्हणणार नाही. मोकळं आहे असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "मले जे दिसते ते सांगतो. पाहायचं तू." विनोद प्रत्येक दारापुढे काठी आपटत बसायचा आणि गोष्ट इतकी हळू सरकायची की मला जांभया यायच्या. पण तो घरीही बोलायला लागला. बोरगावहून बायकोशिवाय, एकटा बसनं यायला लागला. साहेब मात्र तो घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत माझ्या दुकानातून हलत नसत, आणि त्यांच्यामुळे मीही.

मग ते रिटायर झाले आणि मुलीकडे भोपाळला निघाले. आम्ही पांढुर्ण्याच्या स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी यायच्या आधी वारा सुटला आणि विनोदची रिकामी बाही फडफडायला लागली. साहेबांनी तिकडे पाहिलं. इतक्या रविवारांत त्यांनी त्या बाजूला एकदाही पाहिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"बाई, तुमच्या ओढणीची पिन द्या," ते म्हणाले.

त्यांनी बाहीची घडी घातली, आणखी एक घातली, वर नेऊन धरली. तेवढ्यात गाडी आली, लोकांची धावपळ झाली. पिन शिरेना. विनोद खांदा पुढे करून उभा होता, हलत नव्हता. शेवटी पिन आत गेली, जरा जास्तच.

"टोचली काय?" त्यांचा चेहरा उतरला.

"नाही जी, साहेब. बिलकुल नाही."

ते डब्यात चढले. गाडी तिगावच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत विनोद ताठ उभा राहिला. मग मी पिन सोडवली. घडीच्या आत कापडाला रक्त लागलेलं होतं.