न घातलेला नमस्कार

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधीच मी देवीला साष्टांग नमस्कार घालणं सोडलं. जमिनीवर पालथं पडलो की छातीच्या हाडामागे जळायचं, घशाशी आंबट पाणी यायचं. नाशिकजवळ आमचा झेंडूचा मळा आहे. तिथे वाकून फुलं खुडतानाही तेच. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. हृदय ठीक निघालं. पुन्हा या, असं त्यांनी सांगितलं होतं. मी गेलो नाही. शरीर ठीक असेल तर सेवेत उणीव असणार, असा अर्थ मी काढला आणि नवरात्राचं व्रत कडक केलं. दिवसभर उपास, संध्याकाळी पोटभर भगर नि शेंगदाण्याची आमटी, मग उशीशिवाय जमिनीवर झोप. त्रास वाढत गेला. देवीला माझा नमस्कार नको आहे, हे मनाने धरलं.

अष्टमीला देवीच्या गडावर गेलो. रांगेत हातातला नारळ निसटला. उचलायला वाकलो आणि छाती धरून तसाच थांबलो. मागे एक वयस्कर बाई होती, बोलण्यावरून सिन्नरकडची.

"भाऊ, पायऱ्या चढताना दुखलं का?"

"नाही. वाकलं, आडवं झालं की दुखतं. देवी रागावलीय, मावशी."

"तिला काय दुसरे उद्योग नायत? घास अडकतो का रे?"

अडकायचा. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"आमच्या ह्यांचं अस्संच व्हतं. लय अंगारे लावले. दुर्बिणीनं पोट बघितलं तवा कळलं. दवाखाना गाठ आधी."

रांग सरकली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

त्याच आठवड्यात तपासणी झाली. हायटस हर्निया. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या छिद्रातून जठराचा वरचा भाग वर सरकला होता. आधी हृदय तपासलं हे योग्यच झालं, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, थोडं थोडं खायला सांगितलं, जेवणानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायच्या.

कडक व्रत करणं मला सोपं गेलं होतं. ते सोडणं जड गेलं. यंदा नवरात्रात विटांवरच्या खाटेवर झोपताना पहिले दोन दिवस अपराधी वाटलं. तिसऱ्या दिवशी झोप लागली.

अष्टमीला पुन्हा गडावर गेलो. रांगेत त्या बाईला शोधलं, दिसली नाही. देवीसमोर उभ्यानेच हात जोडले, मान झुकवली. देवीने नाकारलेलं काहीच नव्हतं. पुजाऱ्याने नेहमीसारखं कुंकू लावलं आणि म्हणाला, "चला, पुढे चला."