बुधवारचा बांगडा

लालबागच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर जाईबाईची खाणावळ होती. जेवायला वीस गिरणीकामगार, सगळे कोकणातल्या कोंडसरी गावचे, आणि या विसांवरच काय, साऱ्या जगावर तिचा सारखाच संशय. कोळणीने कालचे बांगडे आजचे म्हणून दिले, चक्कीवाल्याने मूठभर पीठ मारलं, समोरची राधाबाई आपल्या फोडणीचा वास मुद्दाम दार उघडं ठेवून फुकट घेते! संयुक्त महाराष्ट्राच्या सभेहून माणसं घसा बसवून आली की दारू तर प्यायले नाहीत ना म्हणून ती आधी त्यांची तोंडं हुंगायची. चाळ मनमुराद हसायची. त्यामुळे ती खरोखर संशय घ्यावा अशी गोष्ट बोलली, तेव्हा कुणी कान दिला नाही.

तिचा एकुलता एक मुलगा लवू घर शाकारायला गावी गेला होता. शुक्रवारी दुपारी तार आली. लवू विहिरीत मेलेला सापडला. पाय घसरला असेल, असं गावाने ठरवलं. जाईबाई म्हणाली, सातव्या वर्षापासून पोरगा त्याच विहिरीत उड्या मारतोय, त्याचा पाय घसरेल कसा? चौकीतला हवालदार म्हणाला, कोकणातलं कोकणात बघा, आम्हाला इथे मोर्चे पुरेसे आहेत. गावमंडळाचे अध्यक्ष नाना म्हणाले, आधी बेळगाव-कारवारसकट महाराष्ट्र मिळू दे, मग बघू. जणू लवूची विहीर सीमाभागातच होती.

सुतकात चूल राधाबाईने सांभाळली. जाईबाई भिंतीला टेकून बसून राहिली. हात मोकळे पडल्यावर डोकं कामाला लागलं, आणि तिच्या डोक्यात ताटांशिवाय दुसरं काय असणार? कोण किती भाकऱ्या खातो, कोण रस्सा दोनदा मागतो, सगळं पाठ. एकेक ताट आठवता आठवता ती बुधवारच्या रात्रीच्या पंगतीपाशी येऊन थांबली.

त्या दिवशी सकाळीच आनंदा गावाहून बोटीने आला होता. आनंदा तिच्या दिराचा मुलगा. निघताना लवू धक्क्यावर उभा राहून हसत निरोप देत होता, असं त्याने सांगितलं होतं. रात्री त्याने ताटातला बांगडा परत केला, पोट बिघडलंय म्हणाला. आणि उसळ मात्र दोनदा घेतली. बिघडलेलं पोट जाईबाईने आयुष्यभर पाहिलं होतं. ते उसळ मागत नाही. रोज देवाला दिवा लावणारा माणूस त्या संध्याकाळी देवाकडे फिरकलाही नव्हता. सामाईक कलमांची बाग विकायची म्हणून तो लवूच्या मागे लागलेला, आणि लवू सही देत नव्हता.

आनंदा होताच तसा देवभोळा. शिंक आली तरी देवाला गाऱ्हाणं घालायचा. असा माणूस एक वेळ माणूस मारील, पण त्याचं सुतक चुकवणार नाही.

सरळ विचारलं तर तो पुन्हा पोटावर हात ठेवणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तेरावं उरकल्यावर रविवारी दुपारी गावमंडळाची बैठक भरली, मोर्चाला कुठल्या खोलीतून किती माणसं याची यादी नाना लिहीत होते, तेव्हा ती दारात उभी राहिली.

"नाना, ह्या आनंदान माझ्या झिलाचा, लवूचा सुतक पाळूक नाय. मासे खाल्ल्यान."

खोलीत कुजबुज झाली. गिरणीतलं काम चुकवलं तर साहेब ओरडतो. भावकीचं सुतक मोडलं तर गाव वाळीत टाकतं. आनंदाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"देवाशपथ काकी, बुधवारपासून माशाक हात लावूक नाय मी. इचार ह्या भिवाक."

शेजारी जेवणाऱ्या भिवाने मान डोलावली. बुधवारी आनंदाचा बांगडा आपणच खाल्ला, हे त्याने जरा लाजतच कबूल केलं. सगळ्यांना हायसं वाटलं. दोघे-तिघे जाईबाईकडे बघून हसलेसुद्धा, म्हातारीचा आणखी एक संशय. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी बोटांवर वार मोजले, मग पुन्हा मोजले.

"तार तर शुक्रवारी इली, आनंदा."

आनंदाने दाराकडे पाहिलं, पण दारात जाईबाई होती. भिवा उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"मी ढकलूक नाय त्येका," आनंदा जमिनीकडे बघत म्हणाला. "सहीवरना झोंबताना त्येचो पाय सरकलो. डोक्याक लागला."

"मगे?" जाईबाईने विचारलं.

"इहिरीतना तो हाका मारी होतो."

"आणि तू?"

"मी मुंबयची बोट पकडलंय."

नानांनी मोर्चाची यादी बाजूला सारली. कोरा कागद घेतला आणि तालुक्याच्या फौजदारांना उद्देशून लिहायला लागले: लवू आणि आनंदा यांच्यात विहिरीजवळ झटापट झाली, लवूचा पाय सरकला. मग लेखणी अडली.

जाईबाई त्यांच्याजवळ येऊन खाली बसली. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती कागदावरून नजर काढीना.

"तो हाका मारी होतो," ती म्हणाली. "ह्या पण लिवा, नाना."