खरात सरांचा खुलासा

खरात सर शाळेत आले की आधी कार्यालयातल्या कपाटाला कान लावायचे. परिपाठ, हजेरी, चहा हे सगळं त्यानंतर. कपाट जाळीचं होतं, पूर्वी घराघरांत दूधदुभतं ठेवायला असे तसलं, आणि आत दुधाऐवजी शाळेचा सर्व्हर. घरघर नीट ऐकू आली की सर मान हलवून म्हणत, "श्वास चालू हाये. द्या घंटा."

पिशोरजवळच्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, साळवे, बदलीचा अर्ज आजच लिहायला घे. मुख्याध्यापकच कपाटाची नाडी बघतात, तिथं सहशिक्षकाचं काय होणार!

सर उंच, किंचित वाकलेले, आणि खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. वडील मेंढरं वळायचे. कळप जाईल त्या गावची शाळा, असं करत सर शिकले. काही शाळांत त्यांना दाराबाहेर उभं राहून पाढे ऐकावे लागले होते. त्यामुळं असेल, बंद दाराचा त्यांना भारी राग.

आणि आमच्या शाळेचं पूर्वी सगळं बंद दाराआडच चालायचं. सरांच्या आधी शाळेला अकरा संगणक मिळाले होते. पोरं हात लावतील, बिघडवतील, मग जबाबदारी कोणाची, या धास्तीनं त्यांना कापडी गवसण्या शिवल्या आणि खोलीला कुलूप घातलं. दसऱ्याला कुलूप उघडायचं, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहायची, पुन्हा कुलूप. असे ते कुणाचाही हात न लागता एकेक करत गेले. "हात लावून बिघडलं तर पोरगं कायतरी शिकतं," सर म्हणायचे. "ह्ये तर आपण जित्तं गाडलं."

पुढं, मी रुजू होण्याच्या जरा आधी, जिल्ह्यानं खेड्यांतल्या काही शाळांत एक प्रयोग सुरू केला. त्यात आमचा नंबर लागला. एकच दणकट संगणक, म्हणजे सर्व्हर, कार्यालयात ठेवायचा आणि मुलांच्या पुढ्यात वीस जागी फक्त पडदा, कीबोर्ड, माऊस आणि जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. मुलांचं सगळं काम त्या एका संगणकातच चालणार, पेटी ते पडद्यावर दाखवणार. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं पेटीचं नाव सांगितलं, थिन क्लायंट. प्रयोग जमला तर सामान राहणार आणि बाकीच्या शाळांनाही मिळणार, नाही जमला तर सगळं उचलून परत नेणार, अशी अट होती.

सरांनी मुलांना पाच मिनिटांत समजावलं. "ह्याला डोकं नाय. डोकं तिकडं, जाळीत. ह्यो निस्ता डोळा. तवा बिनघोर दाबा काय दाबायचं ते." मुलांनी तत्काळ पेट्यांचं नाव 'बिनडोक' ठेवलं. दिवसभर आरोळ्या ऐकू येत, "सर, माझा बिनडोक झोपला!" एकदा मधल्या सुट्टीत जुन्या शाळेच्या सवयीनं मी खोलीला कुलूप लावलं. सरांनी ते काढून माझ्या हातात ठेवलं. "घरी न्या साळवे सर. तुमच्याकडं चोरण्यासारखं कायतरी असंलच की." पोरं फिदीफिदी हसली. मला राग आला होता, हे कबूल करतो.

वर्ष सरत आलं. सर मे अखेर निवृत्त होणार होते आणि मार्चात सामानाच्या पडताळणीचं पत्र आलं. सोबतचा तक्ता मात्र जुन्याच पद्धतीचा, दर पडद्यामागं एक सीपीयू धरून केलेला होता: मॉनिटर वीस, कीबोर्ड वीस, माऊस वीस, सीपीयू वीस.

"सांगू की, सीपीयू एकच हाये म्हणून," सर म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

मला चहा गोड लागेना. एकच सीपीयू दिसला तर उरलेले एकोणीस कुठं विकले, हा प्रश्न येणारच. म्हणजे सामान तर जाणारच, वर निवृत्तीच्या तोंडावर सरांच्या मागं चौकशी. मग मी माझं डोकं चालवलं, आणि ते मी क्वचितच चालवावं. आदल्या संध्याकाळी सर घरी गेल्यावर अडगळीतल्या अकरा मेलेल्या संगणकांचे खोके काढले. नऊ कमी पडत होते, ते शेजारच्या हायस्कूलच्या भंगारातून उसने आणले. प्रत्येक पडद्याशेजारी एकेक खोका पुसून मांडला आणि निवांत झोपलो.

सकाळी शहरातून पडताळणीचे साहेब आले. खोलीत शिरले, बोटानं मोजलं, खूश झाले. "व्वा! वीसच्या वीस. काही झंझटच नाही." त्यांनी पेन काढलं. तेवढ्यात खरात सर आत आले. त्यांनी खोक्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"साहेब, थांबा. हे समदे मेलेले हायेत."

सरांनी स्क्रूड्रायव्हर काढून एका खोक्याचं झाकण उघडलं. आत उंदरांनी शेंगांची टरफलं भरून ठेवली होती.

"मग चालू सीपीयू कुठंयत?"

"एकच हाये. कार्यालयात, जाळीत."

"एक? आणि एकोणीस गायब?" साहेबांचा आवाज चढला. "अहो, कागद जुळत होता! कशाला स्वतःहून खड्ड्यात उतरताय?"

"तुमी आज वीस लिवलं, तर उद्या दुसऱ्या शाळांना बी असलेच खोके येत्याल," सर शांतपणे म्हणाले. "ते बी कुलपात मरत्याल. त्या पोरांनी काय करायचं?"

"मला पंचनामा करावा लागेल."

"करा की. ह्याच्यावरच लिवा." सरांनी चौथ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाकून पुढची खुर्ची ओढून दिली.

साहेब रागारागानं टाइप करू लागले. 'मुख्याध्यापक खरात यांच्या ताब्यातील एकोणीस सीपीयू आढळून' इथवर आले आणि सरांनी वायरी उपसून पेटी काखोटीला मारली. पडदा काळा.

"अहो! माझा पंचनामा!"

"कुठं जातोय? पल्याड बसा."

पलीकडच्या पडद्यावर सरांनी तेच नाव, तोच पासवर्ड टाकला. अर्धं वाक्य जसंच्या तसं समोर आलं. 'आढळून'च्या पुढं कर्सर लुकलुकत होता. साहेब उठून स्वतःच तिसऱ्या जागी गेले, मग थेट शेवटच्या. तिथंही 'आढळून' त्यांची वाट बघत होता. खिडकीला लटकलेली पोरं खिदळली. साहेबांनी घाम पुसला आणि वाक्य पुरं केलं: '...येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.'

साहेब गेल्यावर मी शिव्या खायला तयार होऊन उभा राहिलो. सरांनी एक खोका उचलला, दुसरा मला उचलायला लावला. चारपाच फेऱ्यांनंतर म्हणाले, "माझ्यापायी केलं, ते कळतंय मला. पण मी तर चाललो. ही सवय तुमाला ऱ्हाईल त्याचं काय?" त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

ते निवृत्त झाले आणि लासूर स्टेशन या गावी मुलीकडं राहायला गेले. जुलैत पत्र आलं की सामान शाळेकडंच राहील आणि तालुक्यातल्या आणखी शाळांनाही तसंच मिळेल. मी फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले, "त्यांच्याकडचे उंदीर आधी हाकला म्हणावं." त्यांच्या पेन्शनचे कागद मात्र दिवाळी उलटली तरी अडलेलेच होते. विचारलं की म्हणत, "सायबाला शिक्का घावंना झालाय." मी हसून सोडून देत असे.

पुढं मुख्याध्यापकाचा कार्यभार माझ्याकडं आला आणि जुन्या फायली लावताना एक कागद हाती लागला. साहेबांच्या अहवालावरून, भंगार मांडून पडताळणीत दिशाभूल केल्याबद्दल संबंधित शिक्षकाचं नाव कळवा, असं वरून विचारलं होतं. खाली सरांच्या वळणदार अक्षरात खुलासा होता: 'शाळेत जे घडते त्यास मुख्याध्यापक जबाबदार असतो. सबब माझेच नाव लिहावे. सहशिक्षकांची नोकरी अजून पुष्कळ बाकी आहे.' त्याच्या पाठीमागं टाचलेला आदेश होता: चौकशी पूर्ण होईपर्यंत पेन्शन प्रकरण थांबवावे.

मी कार्यालयात बसून ढसाढसा रडलो. मग त्यांना फोन लावला. "सर, तुमचा खुलासा वाचला."

खरात सर म्हणाले, "वाचला न्हवं? मग जाग्यावर ठिवा. शाळेची फाईल हाये ती. आन् आता तासाला जा, पोरं खोळंबली असत्याल."