दुप्पट सांगितलेलं दुखणं

"हे हाडांमुळे नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मला रागच आला.

पंधरा वर्षं माझे मणके एकमेकांना चिकटत चालले आहेत. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असं त्याचं नाव. म्हणजे सांध्यांना सूज येऊन कणा हळूहळू बांबूसारखा ताठ होतो. मागं पाहायचं तर मला अख्खं वळावं लागतं. अशा माणसाच्या बोटांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, आणि त्यात हाडांचा दोष नाही? बुलढाण्याच्या दवाखान्यात, खाटेवर बसल्या बसल्याच मी भांडायला तयार झालो.

पण तिथवर कसा पोचलो ते आधी सांगतो. माझ्यासारखी चूक तुमच्याही हातून होऊ शकते.

मी बैलांचा व्यापारी. दुसऱ्यांची जनावरं हाकता हाकता स्वतःची घेऊ लागलो. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचे आणि घेणाऱ्याने विकणाऱ्याची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे शंभर. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

देऊळगाव राजाच्या बाजारात करीमभाईने माझ्या पांढऱ्या जोडीसाठी हात घातला. करीमभाई म्हणजे वीस वर्षांपासूनचा माझा सोबती. मला दोनच बोटं दाबल्यासारखी वाटली.

"बैल पाहून राह्यला का शेळ्या?" मी भर बाजारात ओरडलो.

"अजून किती देऊ बे? घर लिहून देऊ का?" तोही भडकला.

आकडा उघड करायचा नाही हा बाजाराचा कायदा. म्हणून भांडणातही दोघांपैकी कोणी तो बोललं नाही. करीमभाई रुमाल झटकून गेला. मी तो राग चार महिने जपला.

मुंग्या त्याआधीपासूनच येत होत्या. थंडीने असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. मग एक दिवस चहाची कपबशी हातातून निसटली आणि गोदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला एस.टी.त बसवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "बधिरपणा कुठपर्यंत?"

"खांद्यापर्यंत," मी सांगितलं. समोरचा अर्धं कमी करणारच, हा माझा आयुष्यभराचा अनुभव.

"पायांत?"

"पायही जातात."

त्यांनी टाचणी टोचली. सवयीने मी चेहरा दगडासारखा ठेवला. पण या माणसाने काहीच कमी केलं नाही! सांगितलं तेवढं सगळं लिहून घेतलं. मानेचा एक्स-रे फोटो काढला, रक्त घेतलं. फोटो ओला आहे, वाळू द्या, म्हणून एक दिवस बाकावर गेला. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "मानेत मज्जारज्जू दाबला जात असावा." मज्जारज्जू म्हणजे मेंदूतून कण्यात उतरणारा नसांचा दोर. "नागपूरला ऑपरेशन करावं लागेल."

"हात वाचेल?"

"खात्री देता येत नाही."

मला लिहिता येतं ते सहीपुरतं. माझं जे काही आहे ते या हाताने मिळवलेलं. बोटं गेली तर रुमालाखाली काय घालू?

तेव्हा गोदा बोलली. "डॉक्टरसाहेब, हे बाजारात बैलाचे दाम सांगतात ना, तसं दुखणं सांगून राह्यले. अर्धं धरा."

"तू गप!"

"आन् टोचताना यांच्या तोंडाकडे काऊन पाहता? पायाकडे पाहा. यांना काही टोचलं, नाहीतर भाव मनाजोगा आला, की उजवा अंगठा हलतो."

डॉक्टरांनी पुन्हा टाचणी घेतली. खांदा: अंगठा हलला. मनगट: हलला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट: काही नाही. तेवढीच दोन. डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली आणि माझ्या कोपराकडे पाहिलं. मी त्या वेळी उजवा कोपर खाटेच्या लोखंडी दांड्यावर रेलून बसलो होतो.

"असेच बसता नेहमी?"

पाठ वाकत नाही, तर बसणार कसा? बाजारात गाडीच्या फळीवर, घरी पेटीवर, हाच कोपर टेकतो.

तेव्हा ते म्हणाले, हे हाडांमुळे नाही. अल्नर नर्व्ह दाबली गेली आहे. ही नस कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाते. कोपर आपटला की झिणझिण्या येतात, ती हीच. कोपर टेकायचा नाही, झोपताना हात सरळ ठेवायचा, बस्स. नागपूर रद्द.

भांडायला तोंड उघडलं आणि मला बाजारातला तो रुमाल आठवला. चार बोटं दाबली आणि दोन मेली असतील, तर उरतात दोन. करीमभाईने चारशे दिले होते.

तीन महिन्यांनी करंगळीला पाण्याचा गारवा कळायला लागला. मी बाजारात गेलो आणि करीमभाईपुढे रुमाल धरला.

"बैल कुठंय?"

"बैल नाही. त्या दिवशी दाबली तेवढी बोटं दाब."

त्याने दाबली. करंगळीपर्यंत सगळी. आजारी माणसाने डॉक्टरांना जेवढं आहे तेवढंच सांगावं, हे मी चार दिवसांत शिकलो होतो. मित्राला सांगायला जास्त वेळ लागला.

"माझी बोटं मेली होती, करीमभाई. चुकलं माझं."

तो खाली माझ्या वहाणेकडे पाहत होता.

"हलला," तो म्हणाला. "वीस वर्षांपासून पाहून राह्यलो मी हा अंगठा. त्या दिवशी चारशेलाही हलला नाही. तेव्हाच कळायले पाहिजे होतं मले, की तुले काहीतरी झालं."