चिंबोरीचा पिवळा रबर

आगरदांड्याच्या जेट्टीवर बायजाकडून चिंबोऱ्या घेतलेल्या माणसाच्या बोटाला आजवर चावा बसलेला नाही. चिंबोरी पाठीकडून धरायची, दोन्ही नांग्या पोटाशी दाबायच्या आणि पिवळ्या रबराचे दोन वेढे. तेवढ्यात बायजा गिऱ्हाइकाच्या सासूची चौकशीसुद्धा उरकते.

आमची आणि तिची भिंत एकच, त्यामुळे तिचं घरही रबरावर उभं आहे हे मला ठाऊक. गॅसची नळी, रिमोटचं झाकण, शाळेचा डबा, सगळ्याला पिवळा वेढा. नवरा बोटीवर गेला की पंधरा-पंधरा दिवस परतत नाही. मी म्हणायचो, "बायजा, त्यालाही एक वेढा मार, घरी राहील."

"आधी तुमच्या तोंडाला मारते, भावजी."

मारला असता तर बरं झालं असतं.

तिची तेजस्वी चौदा वर्षांची. पुढच्या वरच्या दोन दातांमध्ये फट. कुणाचं काही अडलं नव्हतं. एकदा ओट्यावर चारचौघांत मी म्हणालो, "तेजे, एवढं तोंड उघडून हसू नको गं. दिघीची फेरीबोट धक्का समजून आत शिरेल." सगळे हसले. तीही हसली, पण तोंडावर हात ठेवून. तो हात मग खाली आलाच नाही.

मुरुडच्या शाळेत तिच्या वर्गातल्या एकीने दातांना तारा लावल्या होत्या. तेजस्वीने आईपाशी विषय काढला.

"किती दिवस लागतात?"

"दीड-दोन वर्षं."

"दोन दातांना दोन वर्षं? मी सकाळच्या पारी दोनशे नांग्या बांधते."

बायजाने बारकातला बारीक कोरा रबर निवडला, उकळत्या पाण्यातून काढला आणि लेकीच्या त्या दोन दातांभोवती वेढे मारले. नवव्या दिवशी फट मिटली.

ही बातमी गावभर कुणी केली ते विचारू नका. केस कापायला गेलो तिथे सांगितली, जेट्टीच्या तिकीटखिडकीशी सांगितली. माझं ऐकून खालच्या आळीतला विठोबा आपल्या दहा वर्षांच्या नातीला, सोनलला, घेऊन आला. बायजाने तिच्याही फटीच्या दोन दातांना वेढे मारले आणि वर एक चॉकलेट दिलं.

बाराव्या दिवशी तेजस्वीचा रबर दिसेना.

"जेवताना गिळला असंल," बायजा म्हणाली. फट तर मिटलेलीच होती. मग रबर हवाय कुणाला?

पुढे हिरडी लाल झाली. चुळीच्या पाण्यात रक्त दिसू लागलं. आणि दात लांब झाले. आधी मला वाटलं, माझीच नजर गेली. पण ती रोज सकाळी मोरीपाशी दात घासायची आणि रोज ते दोन दात किंचित खाली आलेले असायचे, ओल्या फळीतून खिळा सुटत यावा तसे. मी त्यावर काही बोललो नाही. भाकरी सोडून ती पेजेवर आली तेव्हाही नाही.

महिन्याभराने ती आमच्या दारात आली. "काका, बघा." तिने जिभेने ढकललं. दोन्ही दात कडी नसलेल्या दारासारखे एकत्र पुढे गेले आणि मागे आले.

तिच्या पाठीमागे बायजा उभी होती. हातात नवा रबर.

"ढिले पडलेत. परत बांधते."

माझ्या बायकोने पुढे होऊन तो रबर तिच्या हातातून काढून घेतला.

मुरुडच्या दातांच्या डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. "हे दोन काढावे लागतील असं दिसतंय. पण या वयात नेमक्या दोनच दातांचं हाड जातं, हे मला पटत नाही. काढण्याआधी अलिबागला ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा."

"ते तुमच्यासारखेच ना?" बायजाने विचारलं.

"मी कीड साफ करतो, दात काढतो. ते माझ्याइतकं शिकून पुढे आणखी तीन वर्षं फक्त दात हलवायला शिकतात. पाटीवर तारांचं चित्र दिसलं म्हणून आत शिरू नका. ती पदवी आहे का, ते विचारा."

अलिबागेत दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे तारांचे डॉक्टर फक्त शनिवारी येत होते आणि आम्ही मंगळवारी गेलो होतो. तिसऱ्या ठिकाणी डॉ. महनूर भेटल्या. "ही तर पोरगी हाय," बायजा माझ्या कानाशी पुटपुटली. पोरगीने एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला आणि शांतपणे विचारलं, "या दातांना कधी काही बांधलं होतं?"

"न्हाय," बायजा म्हणाली.

रबराचं नाव काढायचं नाही, असं एसटीत तिने आम्हा दोघांना बजावलं होतं. तेजस्वी छताकडे बघत राहिली. उभ्या जन्मात गप्प न बसलेला मी फरशी बघत राहिलो.

"मावशी, रबर एक्स-रेमध्ये दिसत नाही. आत असला आणि मी काढला नाही, तर मी काहीही केलं तरी हे दात पडणार."

बायजाने पिशवीत हात घातला आणि पिवळ्या रबरांचा जुडगा टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी त्यातला एक उचलून पेन्सिलीच्या टोकाजवळ चढवला. तो आपोआप निमुळत्या बाजूला घसरला. "दात खाली रुंद, मुळाकडे निमुळता. तुमचा रबर असाच हिरडीत शिरलाय. आत अजून आवळतोय."

"तुम्हीपण बांधताच की."

"बांधतो. दाताला पट्टी चिकटवून, सरकू नये म्हणून. ताकद मोजून. हलकं दाबलं की दाताच्या पुढचं हाड विरघळतं आणि मागे नवं भरतं. महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. घाई केली तर मागचं भरायच्या आत पुढचं जातं. दोन वर्षं आम्हाला लागत नाहीत, मावशी. हाडाला लागतात."

हिरडी बधिर करून त्यांनी चिमट्याने तो बाहेर काढला. काळपट, दोऱ्याएवढा. ते दोन दात बारीक तारेने शेजारच्या दातांना धरून ठेवले. "तीन महिने बघू. राहतील असं मी सांगत नाही." मग जुडग्याकडे बघून म्हणाल्या, "आणखी कुणाला बांधलात?"

परतीच्या एसटीतून उतरल्यावर बायजा घराकडे न वळता खालच्या आळीकडे चालू लागली. मी मागोमाग.

विठोबा दारात जाळं शिवत बसला होता.

"विठोबा, सोनलचा रबर हाय का जागेवर?"

"तो कवाच पडला असंल, दिसत न्हाय," विठोबा मजेत म्हणाला. "कामच झालं त्याचं. सोनल, हास गं, बायजाकाकीला दाव."

सोनल हसली. फट राहिली नव्हती.